रसवाणिज्य

वडवणीच्या बाजारपेठेत त्या कुटुंबाचे किराणा दुकान तीन पिढ्यांपासून आहे. बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. एका अंगाला बालाघाटचे डोंगर, भोवती कापूस, सोयाबीन आणि तूर. दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांनी रस्ते भरून जातात. अशा गावात किराणा दुकानाचे वर्ष पंचांगावर चालत नाही, मुकादमाच्या उचलीवर चालते. उचल हाती आली की पीठ-मीठ, तेल-साबण भरला जातो. कारखान्यांचे पट्टे पडले आणि माणसे परतली की जुनी उधारी फिटते, किंवा पुढच्या वर्षाच्या पानावर जाते.

शेठजींनी हा व्यवहार जवळजवळ पन्नास वर्षे सांभाळला. त्यांच्या आधी तो त्यांच्या वडिलांनी सांभाळला होता. मुलगा पुण्याहून व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन आला, तेव्हा त्याने जुन्या गादी-तक्क्याच्या दुकानामागचे गोदाम पाडून तिथे प्रशस्त दालन बांधले. ग्राहकाने स्वतः फिरून माल उचलायचा, ढकलगाडीत ठेवायचा आणि संगणकावर बिल करून घ्यायचे, ही पद्धत वडवणीला नवी होती. लोक आधी बिचकले, मग रुळले. त्यानंतर टाळेबंदी आली. दुकान अत्यावश्यक सेवेत असल्याने उघडे राहिले खरे, पण उधारी वाढली आणि बँकेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला येत राहिला.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. एक हजार चौरस फुटांहून अधिक जागा असलेल्या सुपरमार्केटमध्ये आणि ग्राहक आत फिरू शकतील अशा दुकानांत, कुलूप लावता येईल अशा स्वतंत्र कपाटातून, वाइन विकता येणार होती. परवान्याचे वार्षिक शुल्क पाच हजार रुपये. शाळा आणि धर्मस्थळे यांच्याजवळ परवानगी नाही, आणि वर्धा-गडचिरोलीसारख्या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांतही नाही. द्राक्ष उत्पादकांना बाजार मिळावा, हे कारण सांगण्यात आले. वडवणीच्या दुकानातले नवे दालन एक हजार चौरस फुटांपेक्षा थोडे मोठे होते. बातमी वर्तमानपत्रात आली त्याच्या तिसऱ्या दिवशी शेठजींना दिसले, की शीतपेयांचा फ्रीज उजव्या कोपऱ्यातून हलवून मध्ये आणला आहे आणि कोपरा रिकामा आहे. त्यांनी विचारले नाही. मुलानेही सांगितले नाही. घरात असे न बोललेले विषय पुष्कळ असतात. व्यापारी घरात ते फर्निचरच्या जागेवरून कळतात.

मुलाच्या बाजूने हे सांगायला हवे, की तो वाट चुकलेला मुलगा नव्हता. त्याने कधी थेंबही घेतला नव्हता. पर्युषणात एकदा अठ्ठाईही केलेली होती. त्याचे म्हणणे पुढे आठवडाभराने सूनबाईंच्या तोंडून शेठजींपर्यंत पोहोचले, आणि ते म्हणणे मोडून काढायला सोपे नव्हते. आपण पिणार नाही, पाजणार नाही. परवाना सरकारचा, माल सीलबंद, कपाट कुलपाचे. आज ना उद्या बीडच्या मोठ्या साखळी दुकानांत ही सोय होईल आणि महिन्याचा किराणा भरणारी चार चांगली गिऱ्हाइके तिकडे वळतील. आणि शेवटचे वाक्य असे होते: तंबाखूच्या पुड्या आणि विड्यांची बंडले आपण तीन पिढ्या विकतोच आहोत ना?

शेठजींकडे याला उत्तर होते, पण ते त्यांना पुरेसे वाटत नव्हते. श्रावकाच्या सातव्या व्रतात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे श्रावकाने करू नयेत असे पंधरा धंदे. त्यांत दंतवाणिज्य आहे, लाक्षावाणिज्य आहे, विषवाणिज्य आहे, आणि रसवाणिज्यही आहे. मद्याचा व्यापार या रसवाणिज्यात येतो. ही नावे शेठजी लहानपणापासून संवत्सरीच्या प्रतिक्रमणात म्हणत आले होते. पण त्याच यादीत यंत्रपीलनही आहे, म्हणजे घाण्यात पिळून रस किंवा तेल काढणे. आणि त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. त्या घाण्याच्या उत्पन्नातूनच वडवणीची जागा घेतली गेली. आजोबांच्या नावाची पाटी दुकानावर अजून आहे. तेव्हा यादीतल्या एका नावावर बोट ठेवून दुसऱ्यावरून ते उचलायचे कसे, हा प्रश्न होता.

फेब्रुवारीच्या अखेरीस नाशिकला शेठजींच्या भाचीच्या मुलीचा साखरपुडा होता. वडवणीहून बीड, नगर, संगमनेर असा सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास. निघण्याच्या आदल्या रात्री मुलगा प्रथमच त्या विषयावर थेट बोलला. “पप्पाजी, साखरपुड्यानंतरचा एक दिवस मला द्या. विकायचे की नाही ते नंतर ठरवू. आधी माल काय आहे तो तर पाहा.” माल न पाहता सौदा करू नये आणि माल न पाहता नाकारूही नये, हे त्याला शेठजींनीच शिकवले होते. ते हो म्हणाले.

असल्या सहलीची कल्पना सूनबाईंच्या भावाकडून आली होती. तो इटलीत मिलान शहरात नोकरीला आहे. मागच्या वर्षी सुट्टीत तो तस्कनी प्रांतातल्या टेकड्यांवरची जुनी गावे पाहायला गेला आणि तिथली छायाचित्रे त्याने सगळ्या नातेवाइकांना पाठवली. सकाळी बसने निघायचे, एका टेकडीवरचे तटबंदीचे गाव पाहायचे, दुपारी द्राक्षमळ्यात जेवायचे, संध्याकाळपर्यंत आणखी एक गाव पाहून परतायचे. आणि प्रत्येक ठिकाणी तिथली वाइन घोटभर चाखायची, अशी ती पद्धत आहे. त्या मुलाने काही चाखले नाही, निदान तसे त्याने बहिणीला लिहिले. पण सान जिमिन्यानो या गावाचे त्याने केलेले वर्णन शेठजींनी दोनदा ऐकले. टेकडीवरचे ते लहानसे गाव मध्ययुगात रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर होते. तिथल्या श्रीमंत घराण्यांनी आपले वैभव दिसावे म्हणून उंच दगडी मनोरे बांधले. एका काळी ते बहात्तर होते, आज चौदा उरले आहेत. तिथली वेर्नाच्चा नावाची पांढरी वाइन प्रसिद्ध आहेच, पण शेठजींना दुसरी गोष्ट लक्षात राहिली: ते गाव केशराच्या व्यापारावर मोठे झाले. १३४८ च्या प्लेगनंतर ते खालावले आणि मनोरे बांधायला कुणाजवळ पैसे राहिले नाहीत. “वाटेवरच्या गावाचे असेच असते,” शेठजी म्हणाले, “वाट बदलली की संपले.” वडवणीजवळून जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाचे काम तेव्हा चालू होते, त्यांच्या मनात कदाचित तेही असावे.

इटली लांब होती, नाशिक जवळ. नाशिकला द्राक्ष पूर्वीपासून होते, पण खाण्याचे. वाइनचा उद्योग महाराष्ट्रात १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला सुरू केला. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखून शुल्कात सवलती दिल्या, आणि २००५ मध्ये सामंत यांच्या सुला कंपनीने लोकांना येऊन चाखता येईल असा कक्ष उघडला. तेव्हापासून धरणाच्या परिसरात आणि दिंडोरीकडे असे मळे वाढत गेले. आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते.

त्या दिवशी सकाळी नवकारशीनंतर नाश्ता करून चौघे निघाले: शेठजी, मुलगा, सूनबाई आणि दहा वर्षांची नात. शेठाणी साखरपुड्याच्या घरीच राहिल्या. “मला नको तो वास,” एवढेच त्या म्हणाल्या. सूनबाईंनी सोबत उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि खाखऱ्याचा डबा घेतला होता.

ज्या मळ्यात ते गेले तिथे दाखवणारा तरुण दिंडोरीकडच्या शेतकरी घरातला होता. त्याने शेठजींना पहिल्यापासून ‘काका’ म्हटले आणि शेतापासूनच सुरुवात केली, हे शेठजींना आवडले. खाण्याच्या द्राक्षासारखा लांबट, बिनबियांचा मणी इथे नव्हता. मणी लहान, गोल, जाड सालीचा आणि बियांचा. काळ्या वाइनसाठी शिराझ आणि काबर्ने सोव्हिन्यों, पांढरीसाठी सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ, अशी नावे नातीने त्याच्याकडून घोकून घेतली. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि पीक शरदात येते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून फक्त काडी वाढवायची आणि पावसाळ्यानंतर गोडी बहाराची छाटणी करून फळ धरायचे. “वर्षातून दोनदा छाटणी, काका, आणि पीक एकदाच.” अवकाळी पाऊस आला तर तेही नाही. गारपीट, भुरी, डावणी, औषधांची उधारी, हे सगळे तो सांगत असताना शेठजी मान हलवत होते. कापसाच्या बोंडअळीचे वर्णन ऐकताना वडवणीच्या दुकानात ते असेच मान हलवतात. शेतकऱ्याला बाजार हवा, या सरकारी कारणाला त्या क्षणी त्यांच्या मनात चेहरा मिळाला होता.

मग ते आत गेले. हंगामाचे दिवस होते, काम जोरात चालू होते. पोलादी टाक्या दोन पुरुष उंच, बाहेरून थंडगार. काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवतात म्हणून रंग येतो, पांढरीसाठी साली आधीच काढतात. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क तयार होतो. तो साधारण बारा-तेरा टक्क्यांवर जातो. रस किती तापू द्यायचा हे यंत्रावर ठरते. नंतर रस निवळायला काही मिसळावे लागते.

“काय मिसळता?” शेठजींनी विचारले. भेसळीच्या कायद्याखाली नमुने देत आयुष्य गेलेल्या माणसाचा तो प्रश्न होता.

“आम्ही बेंटोनाइट वापरतो, काका. एक प्रकारची माती असते. बाहेर काही जण अंड्याचा पांढरा बलक वापरतात, काही जण माशाच्या अवयवापासून केलेले द्रव्य. बाटलीवर ते लिहिलेले असेलच असे नाही.”

मुलाने चटकन वडिलांकडे पाहिले. आपण विकायची म्हटली तर मातीने निवळलेलीच विकू, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते. सूनबाईंनी मात्र वेगळेच विचारले: रस आंबून चव पालटली की आपल्याकडे त्याला चलितरस म्हणतात आणि तो अभक्ष्य मानतात, मग निवळायला काहीही वापरले तरी काय फरक? त्या तरुणाने तो शब्द प्रथमच ऐकला होता. त्याने तो पुन्हा विचारून घेतला आणि म्हणाला, “वहिनी, आमच्या धंद्याला एवढा नेमका शब्द आजवर कुणी सांगितला नव्हता.” सगळे हसले.

शेठजी हसले नाहीत. टाक्यांच्या त्या खोलीत शिरल्यापासून ते थोडे मागे थांबले होते. कुणाला वाटले, थंडीमुळे. खरे कारण त्यांनी तेव्हा सांगितले नाही. तो वास त्यांच्या ओळखीचा होता.

चाखण्याच्या खोलीत काचेची मोठी भिंत होती आणि पलीकडे धरणाचे पाणी दिसत होते. टेबलावर प्रत्येकासमोर पाच ग्लास मांडले होते. शेठजी आणि सूनबाईंनी आपले परत पाठवले, नातीला द्राक्षाचा ताजा रस मिळाला. तो तरुण शिकवत होता: ग्लास देठाला धरायचा, तिरपा करून पांढऱ्या कागदावर रंग पाहायचा, गोल फिरवून वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा; गिळायचा नसेल तर शेजारच्या भांड्यात टाकायचा. शेठजींना हे पाहताना नवल वाटले, कारण डाळीचा, गुळाचा, चहाच्या भुकटीचा नमुना तेही असाच पाहत आले होते: आधी डोळ्याने, मग नाकाने, शेवटी जिभेच्या टोकाने. मुलाने ग्लास उचलला. प्रकाशात धरला. वास घेतला. मग तो थांबला.

त्याला वडिलांकडे पाहायचे होते आणि पाहायचे नव्हतेही. शेठजींना ते समजले. त्यांनी नातीचे बोट धरले, तिला घेऊन काचेपाशी गेले आणि पाण्यावरचे पक्षी दाखवू लागले. बरीच मिनिटे ते पाठ करून उभे राहिले. परत वळले तेव्हा ग्लास टेबलावर होते. एखाद्या ग्लासातली पातळी उतरली होती की नाही, हे त्यांनी पाहिले नाही. आजही त्यांना ते माहीत नाही, आणि त्यांनी विचारलेले नाही.

दुपारचे जेवण डब्यातले आणि द्राक्षांचे झाले. तिथून ते त्र्यंबकेश्वर रस्त्याने अंजनेरीला गेले. इटलीतल्या सहलीसारखी जुनी गावेही पाहू, अशी सूनबाईंची इच्छा होती आणि अंजनेरी हे त्या परिसरातले तसे गाव. डोंगर हनुमानाचे जन्मस्थान म्हणून लोकांना माहीत आहे. नाण्यांचा अभ्यास करणारी एक संस्थाही पायथ्याशी आहे. पण गावाच्या आसपास शेतांतून यादवकाळातल्या हिंदू आणि जैन मंदिरांचे अवशेष उभे आहेत, हे नाशिकच्या बाहेर फारसे कुणाला माहीत नसते. काही मंदिरांचे खांब शाबूत आहेत, काहींची शिखरे गेली आहेत, कोरीव दगड गवतात पडले आहेत. डोंगरात लेणीही आहेत, त्यांत पार्श्वनाथांची मूर्ती कोरलेली आहे. दुपारच्या उन्हात तिथे एक गुराखी आणि चार शेळ्या सोडल्या तर कुणी नव्हते.

मुलाने मोबाइलवर शोधून वाचून दाखवले. इथल्या एका जैन मंदिरात संस्कृत शिलालेख मिळाला आहे, शके १०६३ चा, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यातला, यादव राजा सेउणचंद्राच्या काळातला. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिराला दुकानांचे दान दिल्याची त्यात नोंद आहे. दुकानांच्या उत्पन्नातून देवाची पूजा चालावी म्हणून.

“म्हणजे इथे बाजार होता,” शेठजी म्हणाले. कोकणातून घाट चढून वर येणारा माल या बाजूने जात असावा, हे त्यांनी लगेच ताडले. मग त्यांनी विचारले, “त्या दुकानांत काय विकत असतील?”

“तेवढे इथे दिलेले नाही, पप्पाजी.”

एका पडलेल्या दगडावर रुमाल अंथरून ते बसले. नात आणि सूनबाई पलीकडच्या मंदिराकडे गेल्या होत्या. तेव्हा त्यांनी मुलाला ती गोष्ट सांगितली.

१९७२ चा दुष्काळ. शेठजी सोळा वर्षांचे होते. ज्वारी मिळत नव्हती, लोक दुष्काळी कामांवर खडी फोडत होते, दुकानात रोख येत नव्हती. वडिलांनी त्यांना वसुलीसाठी डोंगरातल्या एका वस्तीवर पाठवले. सोबत वहीतले एक पान होते. त्या पानावर धान्य नव्हते, तेल नव्हते, कापड नव्हते. काळा गूळ होता आणि मधूनमधून नवसागर. काळा गूळ जनावरांना घालतात आणि नवसागर भांड्यांच्या कल्हईला लागतो. कुणी विचारलेच तर दुकानातून दिले जाणारे उत्तर हे होते. वस्तीवर पोहोचल्यावर एका झोपडीमागे उकिरड्याजवळ गाडलेल्या मडक्यांचा तो वास आला. जनावर एकही नव्हते. घरचा माणूस झोपलेला होता, दिवसाउजेडी. बाईने काही विचारले नाही, पोराच्या वयाचे भानही ठेवले नाही, घरातली पितळेची घागर आणून समोर ठेवली आणि म्हणाली, “शेठला सांगा, एवढंच आहे.” शेठजी ती घागर डोक्यावर घेऊन डोंगर उतरले. वडिलांनी तिचे वजन केले, पानावर जमा मांडली आणि घागर माळ्यावर ठेवली.

“दादाजी रोज दोन सामायिक करायचे,” शेठजी म्हणाले. “दारूच्या दुकानावरून जावे लागू नये म्हणून स्थानकाला लांबच्या गल्लीने जायचे. ते खोटे नव्हते. तेही खरे होते आणि ती घागरही खरी आहे.”

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ती घागर अजून आहे?”

“आहे. गोदाम पाडले तेव्हा तूच ती घराच्या माळ्यावर टाकायला लावलीस.”

“मग तुम्ही मला सरळ नको का म्हणत नाही?”

“दादाजी गेल्यावर मी नवसागर बंद केला. काळा गूळ बंद केला नाही, कमी केला. तंबाखू तर तुला दिसतोच आहे. इतके सगळे ठेवून तुला एका कपाटासाठी नको म्हणायचे, तर आधी मला माझी वही उघडावी लागेल. ती उघडतो आहे, एवढेच समज.”

पुढे ते जे म्हणाले ते धर्माबद्दल नव्हते, दुकानाबद्दल होते. वडवणीच्या बाजारात दारूची दुकाने आहेत आणि त्यांच्या पायरीशी बाया थांबत नाहीत. गावातल्या दुकानाविरुद्ध मतदान घेऊन आडवी बाटली निवडता येते, हे तालुक्यातल्या बायांना चांगले ठाऊक आहे. त्या किराणा दुकानात येतात, टोळीवर जाण्याआधी सामान भरतात, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी चहापत्तीचे पैसे ठेवून जातात. दुकान हे बाजारातले असे एक ठिकाण आहे जिथे बाई नवऱ्याला सोबत घेऊन आली तरी तिला धास्ती नसते. कपाटाला कुलूप असेल. पण कपाट आहे हे नवऱ्याला कळेल. मुंबई-पुण्याच्या सुपरमार्केटात याचा काही अर्थ नसेल. वडवणीत आहे. आणि खरे तर वडवणीत वाइन पिणारी गिऱ्हाइके किती, हेही मुलाने मोजलेले नव्हते. त्याने कोपरा मोजला होता. हे शेठजींनी जरा तिखटपणेच सुनावले, आणि मुलाला ते लागले. व्यापाऱ्याच्या मुलाला पापापेक्षा चुकलेला हिशेब अधिक लागतो, हे मान्य करायला हरकत नाही.

सूनबाई परत आल्या तेव्हा ऊन उतरले होते. सूर्यास्ताआधी जेवण व्हायला हवे म्हणून सगळे घाईने निघाले. रस्त्यात एका शेतकऱ्याच्या टपरीवरून थॉमसन द्राक्षांची एक पेटी घेतली. भावात घासाघीस शेठजींनी केली नाही, मुलाने केली.

त्या निर्णयाचे पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊकच आहे. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी टीका केली, सरकारने लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या, जूनअखेर सरकारच बदलले आणि तो विषय मागे पडला. वडवणीच्या त्या घरात कुणालाही हो किंवा नाही म्हणावे लागले नाही. शेठजींना याचा आनंद झाला असे म्हणता येणार नाही. आपल्यासमोर आलेला प्रश्न दुसऱ्याने परस्पर उचलून नेला, अशी काहीशी रुखरुख त्यांना राहिली. त्यांनी हरकतीचे पत्र लिहायला घेतले होते. ते अर्धेच राहिले, कारण दुसऱ्या परिच्छेदात त्यांना स्वतःचा धंदा कोणता हे लिहायचे होते.

त्या उन्हाळ्यात टोळ्या परतल्यावर त्यांनी घागर माळ्यावरून उतरवून घेतली. चिंच लावून घासली. त्या वस्तीवर आता पत्र्याची घरे आहेत आणि त्या बाईचे घर कोणते, हे सांगणारे कुणी उरलेले नाही. शेठजी स्वतः जाऊन विचारून आले. आडनाव वहीत होते, पण त्या आडनावाची माणसे केव्हाच दुसरीकडे निघून गेली, असे एका म्हाताऱ्याने सांगितले. घागर परत आणावी लागली. ती आता दुकानात दाराशी असते, पिण्याचे गाळलेले पाणी भरून, वर फडके बांधून. येणारी-जाणारी माणसे ओगराळ्याने पाणी घेतात.

काळा गूळ त्यांनी बंद केला. एक-दोन जुनी गिऱ्हाइके रागावली. उजव्या कोपऱ्यात शीतपेयांचा फ्रीज परत आला आहे. तंबाखूच्या पुड्यांच्या माळा अजून गल्ल्याच्या वर लटकत आहेत. त्यांच्यावरून बाप-लेकांत आठवड्यातून एकदा तरी वाद होतो, आणि आता त्या काढाव्यात असे म्हणणारा मुलगा आहे.